गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उघडण्याची घाई नको

पावसाळा सरला की ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. बॅटरी चार्ज होते, चाकांत हवा भरली जाते, दोन-चार प्रयत्नांत इंजिनही सुरू होते. मग क्लच दाबून पहिला गिअर टाकायला जावे, तर ‘खर्रर्र’ असा आवाज येतो आणि दांडा परत हातात येतो. पुन्हा जोर लावला की कसाबसा गिअर पडतो, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तोच आवाज. गॅरेजमध्ये निदान लगेच होते, ‘गिअरबॉक्स गेला!’

त्यानंतरचा प्रवास बहुतेक जुन्या गाडीवाल्यांच्या परिचयाचा असतो. गिअरबॉक्स खाली उतरतो, उघडला जातो, काही भाग मिळतात, काही मिळत नाहीत, महिना-दोन महिने गाडी जॅकवर राहते. हजारो रुपये खर्चून गाडी रस्त्यावर येते आणि कित्येकदा खर्रर्र आवाजही तिच्यासोबत परत येतो. कारण दोष पेटीच्या आत नसतोच. तो क्लचमध्ये, दांड्यापासून पेटीपर्यंतच्या सळयांमध्ये किंवा आत भरलेल्या ऑइलमध्ये असतो. ताप हे जसे आजाराचे लक्षण असते, तसे गिअर न पडणे हेही लक्षण आहे. त्याचे कारण शोधण्याचा एक क्रम आहे. तो पाळला तर खर्च वाचतो, शिवाय पन्नास-साठ वर्षे टिकलेली एक यंत्रणा विनाकारण उघडली जाण्यापासूनही वाचते.

दोन वेगांची जुळणी

इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांच्या फेऱ्या यांचे प्रमाण बदलणे हे गिअरबॉक्सचे काम. उदाहरण म्हणून समजा, दुसऱ्या गिअरचे प्रमाण २ आहे आणि तिसऱ्याचे १.५. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये पेटीतून बाहेर पडणारा शाफ्ट १,५०० फेरे घेतो. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकायचा, तर पेटीत शिरणाऱ्या शाफ्टचे फेरे २,२५० वर यायला हवेत. म्हणजे क्लच दाबल्यापासून गिअर पडेपर्यंतच्या क्षणभरात त्या शाफ्टला ७५० फेऱ्यांनी मंद करावे लागते. तसे झाले नाही तर वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दाते एकमेकांवर आपटतात. खर्रर्र आवाज त्या आपटण्याचा असतो.

सुरुवातीच्या मोटारींत ही जुळणी चालकाने कानाने आणि पायाने करायची असे. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश ही यंत्रणा आली. अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याने ती घडवली होती. तिचे तत्त्व सोपे आहे. दाते एकमेकांत अडकण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी, बहुधा पितळेसारख्या मिश्रधातूची, गिअरच्या शंकूवर दाबली जाते. त्या घर्षणाने दोन्ही भागांचे वेग सारखे होतात आणि मगच दाते सरकून बसतात. ही कडी म्हणजे पेटीतला एक छोटासा ब्रेकच.

तरीही त्या पिढीच्या अनेक गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे आणि रिव्हर्सला तर बहुधा नसेच. अशा गाडीत चालत्या वेगात पहिला गिअर टाकला की आवाज येणारच. तो बिघाड नव्हे, गाडीची घडणच तशी आहे. आजच्या गाड्यांची सवय असलेला चालक जुन्या गाडीत बसला की हा फरक त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून दुरुस्तीच्या आधी आपल्या गाडीच्या मूळ पुस्तिकेत कोणत्या गिअरला सिंक्रोमेश आहे, हे पाहून घ्यावे.

चार सोप्या चाचण्या

कोणतेही हत्यार हाती न घेता दोषाची जागा बऱ्याच अंशी ओळखता येते. गाडी सपाट, मोकळ्या जागेत उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना ओट लावावा आणि गाडीच्या पुढे-मागे कुणी उभे नाही याची खात्री करावी.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून करायची. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. एखादा अडला तर दातावर दात आलेला असू शकतो. ओट आणि हँडब्रेक काढून गाडी हाताने किंचित ढकलावी, पुन्हा उभी करावी आणि परत प्रयत्न करावा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर अडतात, असे असेल तर संशय क्लचवर जातो. इंजिन बंद असतानाही दांडा जड किंवा अडखळत असेल, तर सळया, बुश किंवा पेटीचा आतला भाग तपासायला हवा.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन मंद सुरू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत असेल, तर इतक्या वेळात पेटीतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. थांबूनही खर्रर्र झाले, तर क्लच दाबलेला असूनही इंजिन शाफ्टला फिरवत आहे.

तिसरी चाचणी रस्त्यावरची. आवाज सगळ्या गिअरना येतो की एकालाच? सगळ्यांना येत असेल तर कारण बहुधा सामाईक असते, म्हणजे क्लच किंवा ऑइल. फक्त दुसऱ्यालाच येत असेल आणि बाकीचे मऊ पडत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो कडी झिजली असण्याची शक्यता जास्त.

चौथी चाचणी कानाची. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, क्लचवरून पाय काढलेला आणि घरघर ऐकू येते. क्लच दाबताच ती थांबते. अशा वेळी पेटीत शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट जाते. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले क्लच बेअरिंग, बदलायच्या मार्गावर आहे.

संशयित पहिला : क्लच

क्लच पूर्ण सुटला नाही तर गिअरबॉक्सवर काय ओढवते, हे वरच्या उदाहरणावरून कळते. एरवी सिंक्रो कडीला फक्त एक शाफ्ट आणि हलकी क्लच प्लेट मंद करायची असते. क्लच अर्धवट सुटलेला असेल तर तिला जड फ्लायव्हीलसह चालत्या इंजिनाशी झुंजावे लागते. बोटाएवढ्या रुंदीच्या त्या कडीला हे पेलणारे नाही. क्लचचा दोष तसाच ठेवून गाडी चालवत राहिले, की काही महिन्यांत सिंक्रोही झिजतो. किरकोळ दुरुस्ती मोठी होते ती अशी.

तपासणी पायाखालून सुरू करावी. कधी कधी एकावर एक टाकलेले रबरी मॅट पेडलला तळापर्यंत जाऊच देत नाहीत. त्यानंतर पेडलचा ‘फ्री प्ले’ पाहावा. दाबायला सुरुवात केल्यावर जोर लागेपर्यंतचे हे मोकळे अंतर अनेक जुन्या गाड्यांत दोन-अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. ते जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. अजिबात नसेल तर प्लेट घसरते आणि बेअरिंग सतत फिरून झिजते. केबल किंवा सळईवर चालणाऱ्या क्लचमध्ये हे अंतर एका नटाने जुळवता येते.

हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल भराभर दोन-तीनदा मारून गिअर टाकून पाहावा. तसे केल्यावर गिअर पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबरी सील थकले आहेत. यात भरले जाणारे ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषते. कोकणात किंवा मुंबईत चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हा ओलावा सिलिंडरला आतून गंज चढवतो. अशा गाडीत ब्रेक फ्लुइडच्या जागी चुकूनही इंजिन ऑइल घालू नये. त्याने रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा बाद होते.

पावसाळ्याचा आणखी एक प्रताप म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटणे. दमट हवेत उभ्या गाडीत लोखंडी पृष्ठभागावर गंजाचा थर येतो आणि प्लेट त्याला धरून बसते. पेडल दाबले जाते, पण प्लेट सुटत नाही. सुरू इंजिनावर एकही गिअर पडत नाही. ती सोडवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्यांत गाडी अचानक झेप घेऊ शकते. म्हणून हे काम अनुभवी मिस्त्रीने मोकळ्या मैदानातच करावे. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून गाडी थोडी पुढे-मागे घेणे आणि क्लच अनेकदा दाबणे.

संशयित दुसरा : दांड्यापासून पेटीपर्यंतची वाट

मुंबईकरांच्या ओळखीची प्रीमिअर पद्मिनी घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फिआटच्या ११०० मालिकेतली ही गाडी बनत असे. तिच्या बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर असे; जुन्या अॅम्बेसेडरमध्येही तसाच. त्यामुळे पुढच्या सीटवर तिघे बसू शकत, पण चालकाच्या हातापासून गिअरबॉक्सपर्यंतची वाट लांब आणि वळणाची झाली. एक नळी, तिच्या टोकाशी तरफ, मग सळया आणि प्रत्येक सांध्यावर एक बुश.

प्रत्येक बुश थोडा थोडा झिजतो. एका सांध्यात दोन मिलिमीटर ढिलाई असेल तर चार सांध्यांत मिळून ती आठ मिलिमीटर होऊ शकते. हातातला दांडा पूर्ण फिरतो, पण पेटीवरची तरफ तितकी सरकत नाही. गिअर अर्धवट बसतो, कधी दुसराच पडतो, कधी दांडा मध्येच अडकून बसतो. अशा वेळी बॉनेट उघडून हाताने सळया हलवणारे टॅक्सीवाले अनेकांनी पाहिले असतील. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत आणि त्यांचे बुश झिजतच आहेत.

हे तपासायला दोन माणसे पुरतात. एकाने आत बसून दांडा हळूहळू हलवायचा, दुसऱ्याने खालून किंवा बॉनेटमधून प्रत्येक सांध्याकडे पाहायचे. दांडा हलतो आणि पुढची सळई जागची ढळत नाही, अशी जागा सापडली की दोष सापडला. बुश तयार मिळाला नाही तरी लेथवाल्याकडून पितळेचा किंवा नायलॉनचा घडवून घेता येतो. खाली उतरताना मात्र गाडी कधीही नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवू नये. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जाणे जिवाशी खेळणे आहे.

याच वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंगही पाहावेत. ते फाटले असतील तर अॅक्सिलरेटर दाबताच पेटी हलते, सळयांची जुळणी बिघडते आणि बसलेला गिअर निसटतो.

संशयित तिसरा : ऑइल

गिअरबॉक्समधले ऑइल इंजिन ऑइलसारखे दरवेळी बदलले जात नाही, त्यामुळे ते विसरले जाते. पातळी कमी असेल तर बेअरिंग आणि दाते कोरडे पडतात. पण चुकीचे ऑइलही तितकेच त्रासदायक. आवाज दबावा म्हणून काही गॅरेजांत फार घट्ट ऑइल भरतात. थंड असताना त्यात शाफ्ट जडपणे फिरतो, कडीच्या शंकूवरचा ऑइलचा थर लवकर पुसला जात नाही आणि सकाळी गिअर पडता पडत नाहीत.

डब्यावरचे ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ हे शब्दही पाहून घ्यावेत. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने जास्त असतात. मागच्या चाकांच्या डिफरन्शिअलला ती उपयोगी पडतात. सिंक्रो कडीला मात्र घर्षण हवे असते. फार निसरड्या ऑइलमध्ये तिची पकड कमी होते. शिवाय अशा काही ऑइलमधले गंधक तापमान वाढल्यावर पितळेच्या भागांना खाऊ शकते. म्हणून मोठा आकडा म्हणजे चांगले ऑइल, हा समज इथे महागात पडतो. काही जुन्या ब्रिटिश पेट्यांत तर इंजिन ऑइलच भरायचे असते. आपल्या गाडीला कोणते, हे पुस्तिकेवरूनच ठरवावे.

ऑइल काढताना ते पांढऱ्या भांड्यात घ्यावे. तळाशी बारीक राखाडी चिखलासारखा गाळ असेल तर ती वयाची नेहमीची झीज. सोनेरी चकाकी दिसली तर सिंक्रो कडी किंवा बुश झिजत आहेत. लोखंडाचे तुकडे किंवा दाताचा टवका निघाला, तर मात्र पेटी उघडण्याला पर्याय नाही. वापरलेले ऑइल हाताला लागू देऊ नये. त्वचेला ते अपायकारक असते. गटारात ओतण्याऐवजी ते जुने ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

निसटणारा गिअर आणि घाट

गिअर जड पडणे हा त्रास आहे, पण पडलेला गिअर आपोआप निसटणे हा धोका आहे. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागे खेचून धरते. जुन्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुधा पायाला मदत करणारा बूस्टर नसतो. उतारावर गिअर निसटला की सगळा भार या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे हाच धोका स्वतःहून ओढवून घेतात.

यावर अनेकांचा उपाय म्हणजे हाताने दांडा दाबून धरणे. त्याने आतला फोर्क सतत फिरत्या कडीवर घासतो आणि आणखी झिजतो. गिअर निसटत असेल तर आधी माउंटिंग आणि सळया तपासाव्यात. त्या ठीक असतील तर आतली स्प्रिंग-गोळी, फोर्क किंवा झिजून गोल झालेले दाते हे कारण उरते. मग पेटी उघडावी, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नये.

क्लचच्या धुळीपासून सावध

जुन्या गाडीच्या दुरुस्तीत एक धोका डोळ्यांना दिसत नाही. त्या काळच्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. भारतात अॅस्बेस्टॉसच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही, त्यामुळे जुन्या साठ्यातले सुटे भागही निर्धोक मानता येत नाहीत. प्लेट झिजते तशी तिची धूळ क्लचच्या आवरणात साठते. आवरण उघडले की ती काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, ही गॅरेजमधली जुनी सवय. त्यासोबत अतिसूक्ष्म तंतू हवेत पसरतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगाला कारणीभूत ठरतात. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि फुप्फुस कडक करणारा अॅस्बेस्टॉसिस हे त्यातले मुख्य आजार. ते दिसायला अनेकदा वीस ते चाळीस वर्षे लागतात. आज हातात हवेची नळी धरणाऱ्या विशीतल्या पोराला त्याची किंमत साठीत कळू शकते, आणि तेव्हा त्या गॅरेजची आठवणही कुणाला होत नाही.

काळजी घेणे अवघड नाही. हवा मारू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून धूळ ओली करावी, फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. साधा कापडी रुमाल हे तंतू अडवत नाही; बारीक कण अडवणारा, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुवू नयेत. गाडीमालकानेही हे काम मुलाबाळांसमोर, बंद गॅरेजमध्ये करवून घेऊ नये. नवी प्लेट घेताना अॅस्बेस्टॉसमुक्त आहे ना, हे विचारावे.

पेटी उघडायची कधी?

क्लच नीट सुटतो, सळयांत ढिलाई नाही, माउंटिंग शाबूत आहेत, योग्य ऑइल योग्य पातळीला आहे आणि तरीही एखादा गिअर खर्रर्र करतो किंवा निसटतो. तेव्हा गिअरबॉक्स उघडणे योग्य ठरते. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, शिम आणि स्प्रिंग वेगवेगळ्या डब्यांत खुणा करून ठेवाव्यात. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधला पायलट बुश त्याच वेळी पाहून घ्यावा. हा छोटा बुश जाम झाला तरी क्लच सुटत नाही, आणि त्यासाठी पेटी फक्त उतरवावी लागते, उघडावी लागत नाही.

झीज थोडी असेल तर चालवण्याची पद्धत बदलूनही गाडीचे आयुष्य वाढते. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी दुहेरी क्लचची जुनी रीत आहे. त्यात शाफ्टचे फेरे वाढवायचे काम इंजिन करते आणि सिंक्रो कडीवरचा भार हलका होतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना हवे असलेले ७५० फेरे अशा रीतीने पायानेच मिळतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा गाड्या रोजच्या वापरासाठी नसल्या, तरी प्रदर्शनाला किंवा रॅलीला त्या स्वतःच्या चाकांवर जाऊ शकतात. त्यांचे सुटे भाग आता दरवर्षी दुर्मीळ होत आहेत आणि कानाने दोष ओळखणारे मिस्त्रीही म्हातारे होत चालले आहेत. त्यामुळे पाना हाती घेण्याआधी अर्धा तास त्या चार चाचण्यांना द्यावा आणि मिस्त्रीकडे जाताना ‘गिअरबॉक्स गेला’ असे सांगण्याऐवजी कोणता गिअर, केव्हा आणि कसा आवाज करतो ते सांगावे. निम्मे निदान तिथेच होते.